कुत्र्याला कॅन्सर निघाला: निदानापासून उपचार ठरवेपर्यंत

‘गाठ चांगली वाटत नाही’ एवढं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, की पुढचं फारसं काही डोक्यात शिरत नाही. घरी येऊन मोबाईलवर शोधाशोध सुरू होते. तासाभरात ‘काहीही करून वाचवायचंच’ आणि ‘उगाच त्याचे हाल नकोत’ या दोन टोकांमध्ये माणूस हेलकावे खाऊ लागतो. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न पहिल्या दिवशी सोडवायचाच नसतो. आधी तीन गोष्टी हातात हव्यात: आजाराचं नेमकं नाव, तो कुठवर पोचलाय, आणि आज कुत्र्याला त्याचा काय त्रास होतोय. त्या कळल्या की अर्धे पर्याय आपोआप गळून पडतात. आणखी एक आधीच सांगून ठेवते: घेतलेला निर्णय दर भेटीत बदलता येतो. केमो सुरू केली म्हणजे ती शेवटपर्यंत न्यायलाच हवी असं कुणी बांधून घातलेलं नसतं.

घाई नेमकी कशाची असते

बहुतेक गाठींच्या बाबतीत विचार करायला काही दिवस मिळतात. पण काही लक्षणं दिसली तर वाचत बसू नका, थेट दवाखाना गाठा: हिरड्या पांढुरक्या पडणं, अचानक कोसळणं, पोट फुगणं, श्वास घेताना धाप लागणं, लघवीला बसूनही थेंब न येणं, पाय टेकवताच किंचाळणं. यांतली पहिली तीन एकत्र आली तर प्लीहेवरची गाठ फुटून पोटात रक्तस्राव होत असल्याची दाट शंका घ्यावी लागते. तिथे ऑपरेशनला हो की नाही हे उभ्या उभ्या सांगावं लागतं. ते अवघड अशासाठी, की गाठ घातक आहे का हे नुसतं बघून कळत नाही. प्लीहेच्या काही गाठी निरुपद्रवी निघतात आणि प्लीहा काढल्यावर तो कुत्रा पुढे नेहमीसारखा जगतो. हिमॅन्जिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशींचा घातक कॅन्सर निघाला, तर मात्र नुसत्या ऑपरेशननंतर साधारण १ ते ३ महिने आणि केमोची जोड दिल्यास ४ ते ६ महिने, असा हिशेब असतो.

लिम्फोमाची, म्हणजे लसिका पेशींच्या कॅन्सरची घाई वेगळी, तासांची नसून दिवसांची. जबड्याखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे न दुखणाऱ्या गाठी येतात आणि कुत्रा बाकी ठणठणीत दिसतो, त्यामुळे महिनाभर बघू असं वाटतं. पण उपचार न केल्यास बहुतेक कुत्र्यांच्या हातात चार-सहा आठवडेच असतात. तेव्हा ठरवायचं ते त्याच आठवड्यात ठरवा.

नाव कळल्याशिवाय उपचार नको

हाताला मऊ लागते, कातडीखाली सरकते, म्हणजे चरबीचीच असणार, हा अंदाज कितीही अनुभवी बोटांचा असला तरी अंदाजच. मास्ट सेल ट्यूमर हा कातडीचा कॅन्सर हुबेहूब चरबीच्या गाठीसारखा लागू शकतो. म्हणून एक सेंटिमीटरहून मोठी किंवा महिनाभर टिकून राहिलेली प्रत्येक गाठ सुईने तपासून घ्यावी. बारीक सुईने थोड्या पेशी ओढून काचपट्टीवर पसरायच्या, एवढंच त्यात असतं. सहसा भूलही लागत नाही. चरबीची गाठ, मास्ट सेल, लिम्फोमा यांचं उत्तर यातून बहुधा मिळतं. सार्कोमा जातीच्या (स्नायू, हाड अशा आधार देणाऱ्या ऊतींतल्या) गाठी मात्र पेशी सहज सोडत नाहीत, आणि स्तनातली गाठ साधी की घातक हे नुसत्या सुईवरून खात्रीने सांगता येत नाही. तिथे बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, लागते. निकाल येईपर्यंत गाठ दाबून, चोळून बघू नका. मास्ट सेलची असेल तर त्यातून हिस्टामिन सुटतं आणि भोवती सूज, लाली येते.

गाठ आधीच काढून झाली असेल, तर ती हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला गेली का हे विचारा. ‘पूर्ण काढली, आता कशाला तपासायची?’ यात वाचलेले पैसे पुढे महागात पडतात. गाठीचा प्रकार, तिचा ग्रेड आणि कडा स्वच्छ आहेत का, ही तिन्ही उत्तरं त्या रिपोर्टातच असतात. ग्रेड म्हणजे पेशी किती आक्रमक आहेत याची प्रत. मास्ट सेलमध्ये लो ग्रेड असेल तर नीट केलेल्या एका ऑपरेशनवर भागू शकतं. हाय ग्रेडला त्याच आकाराच्या गाठीची गोष्ट पूर्ण बदलते.

नावावर एवढा भर का, तर हे सगळे आजार एकमेकांपासून फार वेगळे आहेत. जननेंद्रियावर होणारा, समागमातून पसरणारा टीव्हीटी हा ट्यूमर दिसायला भयंकर, रक्ताळलेला असतो. पण आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाची काही इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. मादीच्या स्तनातल्या गाठींपैकी सुमारे निम्म्या घातक नसतात. उलट पायाच्या हाडातला ऑस्टिओसार्कोमा सापडतो तेव्हा जवळपास ९० टक्के कुत्र्यांमध्ये त्याच्या सूक्ष्म पेशी आधीच शरीरात पसरलेल्या असतात. या तिघांनाही आपण कॅन्सरच म्हणतो, म्हणून शेजारच्याच्या कुत्र्याचं काय झालं यावरून आपलं काही ठरवता येत नाही.

एक इशारा महत्त्वाचा. लिम्फोमाची शंका असेल तर नमुना घेण्याआधी ‘तोवर बरं वाटेल’ म्हणून स्टेरॉइड सुरू करू नका. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने गाठी झरझर कमी होतात, निदान झाकलं जातं आणि नंतरच्या केमोला आजार दाद देईनासा होऊ शकतो. आधीच दिलं गेलं असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना तारखेसकट सांगा.

कुठवर पोचलाय

याला स्टेजिंग म्हणतात. रक्त, लघवी, छातीचे तीन दिशांनी एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, जवळच्या लसिका गाठीतली सुई, आणि गरजेप्रमाणे सीटी स्कॅन. प्रत्येक तपासणीआधी डॉक्टरांना एकच विचारा: ‘याचा निकाल काहीही आला तरी आपण करणार ते तेच असेल का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर ती तपासणी बहुधा सोडता येते. सोळा वर्षांच्या म्हाताऱ्याला नुसता आराम द्यायचा हे घरात पक्कं झालं असेल, तर त्याला भूल देऊन सीटीत घालण्यात काय मिळणार? पण पाय काढायचा विचार असेल, तर छातीचा एक्स-रे टाळता येणार नाही. तिथे गाठी दिसल्या तर पुढचा सगळा हिशेब बदलतो. एक्स-रेत काही मिलिमीटरच्या गाठी दिसत नाहीत, तेव्हा स्वच्छ फोटोचा अर्थ ‘पसरलेला नाही’ असा नसून ‘अजून दिसत नाही’ असा घ्यायचा.

डॉक्टरांपुढे बसताना

घरातली दोन माणसं जा. एकाने बोलावं, दुसऱ्याने लिहावं. परवानगी घेऊन बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं तर आणखी बरं. मी विचारायला सांगेन ते प्रश्न असे:

काहीच उपचार न केल्यास पुढचे आठवडे कसे जातील आणि शेवट साधारण कशाने येईल?
नुसता वेदना आणि मळमळीवर इलाज केला तर?
सुचवलेल्या उपचाराचा हेतू बरं करणं आहे, वेळ वाढवणं आहे, की त्रास कमी करणं?
त्यासाठी किती फेऱ्या, किती वेळा भूल, आणि त्या काळात त्याचा एखादा साधा आठवडा कसा असेल?
रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा?
हा तुमचा स्वतःचा कुत्रा असता तर?

शेवटच्या प्रश्नाला काही डॉक्टर थेट उत्तर देत नाहीत, पण विचारायला हरकत नाही. उत्तरापेक्षा ते द्यायच्या आधी ते किती थांबले, यातून जास्त कळतं.

आकडे ऐकताना सावध राहा. ‘सरासरी बारा महिने’ म्हटलं जातं तेव्हा ती बहुधा मधली संख्या असते: निम्मी कुत्री त्याच्या आत गेली, निम्मी त्यापुढे जगली. तुमचा कुत्रा कुठल्या निम्म्यात, हे त्यातून कळत नाही. आणि ‘रेमिशन’ म्हणजे आजार दिसेनासा होणं. तो मुळापासून गेला असं नाही. दुसरं मत घ्यायचं असेल तर संकोच नको. सगळे रिपोर्ट, फोटो आणि औषधांची यादी मागून घ्या. पॅथॉलॉजीची काचपट्टीही दुसरीकडे वाचून घेता येते.

पर्याय एकेक

ऑपरेशन. एका जागी असलेल्या गाठीला पहिलं ऑपरेशन हीच सर्वांत चांगली संधी असते. मास्ट सेलसारख्या गाठीत नुसती गाठ काढून चालत नाही. भोवतीची २ ते ३ सेंटिमीटर निरोगी दिसणारी कातडी आणि खालचा एक थर त्यासोबत घ्यावा लागतो. टाके एवढे मोठे का, असं नंतर वाटतं, ते यामुळे. जागा अवघड असेल तर कॅन्सरची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडे पहिल्यांदाच जावं. अर्धवट काढलेली गाठ पुन्हा काढणं जास्त कठीण जातं.

पाय काढण्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण इथे माणसं हादरतात. कुत्र्याला आरशात बघून दुःख होत नाही. हाडाच्या कॅन्सरची वेदना तीव्र असते आणि तो पाय गेल्यावर ती जागच्या जागी थांबते. बहुतेक कुत्री काही दिवसांत तीन पायांवर चालू लागतात. मात्र बाकीचे सांधे, पाठीचा कणा आणि वजन आधी तपासून घ्या. दोन्ही कंबरेचे सांधे झिजलेल्या, लठ्ठ कुत्र्याचं गणित वेगळं. नुसता पाय काढल्यास ऑस्टिओसार्कोमात साधारण ४ ते ५ महिने मिळतात, कार्बोप्लॅटिनसारख्या केमोसह १० ते १२. पाय काढणं जमणार नसेल, तर वेदना कमी करण्यापुरतं रेडिएशन हा मधला रस्ता असतो.

रेडिएशन. यात कुत्र्याला दर वेळी भूल द्यावी लागते, कारण तो स्थिर झोपून राहणार नाही. आजार मारण्यासाठीचा कोर्स पंधरा-वीस बैठकांचा असू शकतो. आरामापुरता मोजक्या बैठकांचा. सोय सगळीकडे नसते, तेव्हा प्रवासाचा ताणही हिशेबात धरा.

केमो. या शब्दाने घाबरायला होतं ते माणसांची केमो पाहिलेली असते म्हणून. कुत्र्यांमध्ये डोस तुलनेने कमी ठेवतात, कारण उद्देश बहुतेकदा चांगले दिवस वाढवण्याचा असतो. अंगावरचे केस सहसा जात नाहीत. पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींत मात्र विरळ होतात, आणि मिशा गळू शकतात. लिम्फोमात चार औषधांचा सीएचओपी नावाचा कोर्स साधारण पाच-सहा महिने चालतो. बहुतेक कुत्र्यांमध्ये आजार दिसेनासा होतो, पण बहुतेकांमध्ये तो परततोही. एकूण हिशेब साधारण वर्षाचा असतो. टी पेशींचा लिम्फोमा असेल तर सहसा त्याहून कमी. एवढ्या फेऱ्या झेपणार नसतील तर एकट्या प्रेडनिसोलोनवर महिना-दोन महिने बरे जाऊ शकतात. तोही खरा पर्याय आहे, पण मग नंतर केमोकडे वळण्याची वाट अरुंद होते, हे लक्षात घेऊन निवडा.

त्रासाचं वेळापत्रक ठाऊक असलं की घाबरगुंडी उडत नाही. उलटी, जुलाब, खाणं कमी होणं हे बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसात. पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमाराला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. केमोनंतर ते १०३ च्या वर गेलं आणि तो मलूल दिसला, तर सकाळची वाट पाहू नका. घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. ताप गुदद्वारातून मोजायला दवाखान्यातच शिकून घ्या. सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचं औषध चालू असताना लघवीत रक्त दिसलं तर लगेच कळवा. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाचा हृदयावर साठत जाणारा परिणाम होतो, म्हणून डोबरमनसारख्या जातीत आधी इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) सुचवतात. कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेल्टी अशा जातींत एमडीआर-१ या, औषधं पेशींबाहेर काढायला मदत करणाऱ्या जनुकाची तपासणी आधी करून घ्या. तो दोष असेल तर व्हिन्क्रिस्टिन किंवा डॉक्सोरुबिसिनचा नेहमीचा डोसही त्यांना जड जातो.

केमोच्या गोळ्या तोडू किंवा कुटू नयेत. हातमोजे घालून द्याव्यात. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस लघवी, शी, उलटी हातमोजे घालूनच साफ करा. घरात कुणी गरोदर असेल किंवा लहान मूल असेल, तर हे काम त्यांच्यापासून लांब ठेवा. कुत्र्याला कुरवाळायला मात्र काही हरकत नाही. त्याला त्या दिवसांत वाळीत टाकल्यासारखं वागवू नका.

यांशिवाय मास्ट सेलसाठी टोसेरॅनिबच्या गोळ्या, तोंडाच्या मेलॅनोमासाठी लस, मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी पिरॉक्सिकॅम अशी खास औषधं आहेत. तुमच्या निदानाला त्यातलं काही लागू पडतं का, एवढं विचारून ठेवा.

फक्त आराम. हा पर्याय कागदावर शेवटी लिहितात म्हणून तो हार मानल्यासारखा वाटतो. पण वेदनाशामक, मळमळीवर मॅरोपिटंट, भूक वाढवणारं औषध, जखमेची निगा, आणि दर थोड्या दिवसांनी तपासणी, हा पूर्ण वेळचा उपचार आहे आणि तो नीट करायला मेहनत लागते. बाकीच्या कुठल्याही पर्यायासोबतही हा पहिल्या दिवसापासून चालू हवा.

पैसा आणि घरातली माणसं

खर्चाचा अंदाज लेखी मागा, आणि त्यात गुंतागुंत झाल्यास लागणारा खर्चही वेगळा लिहून घ्या. आपली मर्यादा उपचार सुरू होण्याआधी ठरवा; अतिदक्षता विभागाच्या दारात उभं राहून कुणालाही ती ठरवता येत नाही. मर्यादा डॉक्टरांना स्पष्ट सांगितली तर ते त्यात बसणारी योजना आखू शकतात. पैशांचा विचार केला म्हणून माया कमी होती असं समजणाऱ्यांशी वाद घालू नका, वेळ जातो. घरात मतभेद असतील तर डॉक्टरांशी बोलणारी एकच व्यक्ती नेमा, आणि ज्याच्यावर रोजच्या गोळ्या आणि रात्रीची उठबस पडणार त्याच्या मताला जास्त वजन द्या.

घरातले रोजचे दिवस

एक वही घाला. खाणं, पाणी, शी-लघवी, झोप, वजन, दिलेली औषधं, आणि दिवस कसा गेला याला एक शब्द. दोन आठवड्यांनी ती वही स्मरणशक्तीपेक्षा खरं बोलते.

कुत्रा कण्हत नाही म्हणजे दुखत नाही असं समजू नका. बसल्या जागी धापणं, रात्री सारख्या जागा बदलणं, एकाच कुशीवर झोपणं, एखादी जागा चाटत राहणं, दारात स्वागताला न येणं, या सगळ्यात वेदना असू शकते. माणसांचं पॅरासिटामोल, आयबुप्रोफेन परस्पर देऊ नका. आयबुप्रोफेनने पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात. मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन यांसारखी वेदनाशामकं आणि स्टेरॉइड एकत्र देत नाहीत, म्हणून दोन डॉक्टरांची औषधं चालू असतील तर दोघांना पूर्ण यादी दाखवा. स्टेरॉइडने तहान, भूक आणि लघवी वाढते. ते एकदम बंद करायचं नसतं.

खाण्याबाबत इंटरनेटवर दावे भरपूर आहेत. खाऊ घालून कॅन्सर बरा करणारा आहार मला तरी कुठे सापडलेला नाही. केमो चालू असताना कच्चं मांस टाळा, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना त्यातले जंतू झेपत नाहीत. जेवण किंचित कोमट केलं की वास वाढतो आणि खाणं होतं. कडू गोळ्या त्याच्या सर्वांत आवडत्या पदार्थात लपवू नका. तो पदार्थही तो सोडून देईल. घरगुती काढे, पूरक पावडरी द्यायच्या असतील तर डॉक्टरांना आधी दाखवा. काहींनी रक्त पातळ होतं, काही केमोच्या आड येतात.

थांबायचं कधी

हा प्रश्न चांगल्या दिवशीच लिहून काढायचा. आपल्या कुत्र्याला ज्यासाठी जगावंसं वाटतं अशा तीन-चार गोष्टी नोंदवा, मग तो चेंडू असो, गच्चीतलं ऊन असो की फाटकापर्यंतची धाव. त्यातल्या बहुतेक सुटल्या की थांबून विचार करायचा, असं घरात ठरवा. अमेरिकन पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टीही उपयोगी पडते. वेदना, भूक, पाण्याचं प्रमाण, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात बाबींना शून्य ते दहा गुण द्यायचे. जितके गुण जास्त तितकी स्थिती बरी. बेरीज ३५ च्या वर असेल तर दिवस जगण्याजोगे चाललेत असं मानतात. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, आठवड्याचा उतार बघा. घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण दिले तर कुणाला काय दिसत नाहीये हेही कळतं.

दयामरणाची चौकशी आधीच करून ठेवा: डॉक्टर घरी येतात का, रात्री-अपरात्री कोण येऊ शकेल, नंतरची व्यवस्था कशी. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, तो गाढ झोपल्यावर शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, लघवी सुटू शकते, एक-दोन खोल श्वासासारखी हालचाल होऊ शकते. त्याला तेव्हा काही जाणवत नसतं, पण माहीत नसेल तर बघणारा हादरतो. मुलांना तो मेला हे सरळ शब्दांत सांगा. ‘दवाखान्यात ठेवलाय’ म्हटलं तर ती वाट बघत राहतात. घरात दुसरा कुत्रा असेल आणि तो शोधत फिरला, कमी खाल्लं, तर त्याची फिरायची आणि जेवायची वेळ बदलू नका. काही दिवसांनीही तो खात नसेल तर त्याला तपासून आणा.

उरलेल्या केमोच्या गोळ्या कचऱ्यात किंवा संडासात टाकू नका, त्या दवाखान्यात परत द्या. उरलेली वेदनाशामकंही दुसऱ्या कुत्र्याला परस्पर देऊ नका. बाटल्यांवरची नावं आणि डोस वहीत उतरवून घ्या, कारण पुढे एखादा रिपोर्ट किंवा बिल मागितलं गेलं तर ते लागतं.